बहिष्कृतांच्या हाती बहिष्कार

स्मरणिकेत शाळेचा गौरव असावा, माजी विद्यार्थ्यांच्या यशाच्या नोंदी असाव्यात, देणगीदारांचे ऋण मान्य केलेले असावे, हे आम्हांस मान्य आहे. त्या सर्व गोष्टी या अंकात अन्यत्र आल्याच आहेत. परंतु ज्या शाळेने आम्हांला पहाटे साडेपाचला उठवून त्रिशरण-पंचशील म्हणायला लावले आणि त्यातील चौथे शील वाणीचे आहे हे पाचवीतच पाठ करून घेतले, त्या शाळेच्या अंकात आमच्या हातून घडलेल्या वाणीच्या एका अपराधाची नोंद नसेल, तर हा अंक अपुरा राहील असे आम्हांस वाटते. अंकाचे काम पाहणाऱ्या आम्हां पाच जणांपैकी चौघे त्या अपराधात सामील होते. पाचव्याचा फोन त्या दिवशी दुरुस्तीला दिलेला होता, एवढेच.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक छायाचित्र आले. वसतिगृहाच्या न्हाणीघरालगतच्या खोलीत, ओल्या फरशीवर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली भगवान बुद्धांची मूर्ती. गोणपाट घसरल्यामुळे मुखाचा अर्धा भाग उघडा पडला होता. अधीक्षकांनी मूर्ती संडासाशेजारी टाकून दिली, अशा अर्थाची एक ओळ खाली होती. छायाचित्र कोणी काढले, कधी काढले, हे कोणी विचारले नाही. अर्ध्या तासात अधीक्षकांच्या निलंबनाची मागणी आली, तासाभरात त्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक आला, आणि मध्यरात्र होण्यापूर्वी ते ‘आतून कोणाचे आहेत’ याची चर्चा सुरू झाली. आमच्यापैकी एकाने ते छायाचित्र आणखी सहा गटांत पाठवले. दुसऱ्याने क्रमांक टाकला. उरलेले आम्ही दोघे वाचत बसलो, आणि मधूनमधून संतापाची चिन्हे उमटवत राहिलो. पहाटेपर्यंत चारशेच्या वर संदेश झाले होते. त्यांत साडेचार वाजता अधीक्षक सरांचा एक संदेश होता, चार ओळींचा. तो त्या दिवशी कोणी वाचला असेल असे वाटत नाही. आम्ही तो आठ दिवसांनी वाचला.

विहाराचे छत गळत होते. त्या संध्याकाळी मूर्तीच्या डोक्यावरच धार लागली, तेव्हा सरांनी दोन मुलांना हाताशी घेऊन मूर्ती उचलली आणि इमारतीतील जी एकमेव खोली गळत नव्हती तिच्यात नेऊन ठेवली. खांद्याला रुतू नये आणि मूर्तीला ओरखडा जाऊ नये म्हणून गोणपाट. एवढाच प्रकार. संस्थेने पुढे चौकशी केली, तीत छताच्या दुरुस्तीसाठी सरांनी दिलेले तीन अर्ज आवक नोंदवहीत सापडले. आम्हांला अधिक लागलेली गोष्ट वेगळीच होती. त्याच वर्षीच्या फाल्गुनात त्याच गटावर छतासाठी मदतीचे आवाहन करण्यात आले होते. त्याला बारा जणांनी अंगठा दाखवून पसंती कळवली होती आणि रुपया एकाचाही आला नव्हता.

चौकशी संपेपर्यंत सर थांबले नाहीत. मुलीच्या फोनवरही शिव्या येऊ लागल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि ते गावी गेले. एकोणीस वर्षांची नोकरी होती. खुलासा गटावर टाकण्यात आला तेव्हा ‘सत्य समोर आले, बरे झाले’ असे नऊ संदेश आले. चारशे आणि नऊ.

या प्रकाराला अलीकडे ‘कॅन्सल कल्चर’ असे नाव मिळाले आहे. शब्द अमेरिकेकडून आला आणि वादही तयार होऊनच आला. जुलै २०२० मध्ये ‘हार्पर्स’ मासिकाने दीडशेहून अधिक लेखक-विचारवंतांच्या सह्यांचे एक पत्र प्रसिद्ध केले. मतभेद व्यक्त करणाऱ्याला समूहाने वाळीत टाकण्याची वृत्ती बळावत असल्याची चिंता त्यात होती. त्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की ज्यांना बोलण्यासाठी व्यासपीठांची कधी वाण पडली नाही त्यांनीच आपला आवाज दाबला जात असल्याची तक्रार करावी, हे विचित्र आहे. आजवर ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांच्या हाती प्रथमच काही साधन आले आहे, आणि त्याचाच हा त्रागा आहे. आपल्याकडेही हाच वाद याच दोन टोकांवर चालतो. आम्हांला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण ‘वाळीत टाकणे’ म्हणजे काय हे दोघांनाही पुस्तकातून कळले आहे. आपल्या समाजाला ते तसे कळलेले नाही.

महाडचा इतिहास शाळेत आपण सर्वांनीच गिरवला आहे, परंतु त्यातील एक तपशील या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सत्याग्रही मंडपाकडे परतले. थोड्याच वेळात गावात कंडी पिकली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा काही बेत नव्हता. शहानिशा मात्र कोणी केली नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला, जेवत असलेल्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. संतापाची लाट पसरायला तेव्हाही भ्रमणध्वनीची गरज पडली नव्हती. एक खोटे वाक्य आणि ते खरे मानायला आधीच तयार असलेली मने, एवढे पुरले. त्या वेळी बाबासाहेबांबरोबर लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, प्रतिकार करण्याची धमक असलेले होते. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, त्यांनी जे पाक्षिक सुरू केले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’ असे ठेवले.

बहिष्काराची धार त्यांनी किती ओळखली होती याचा पुरावा पहिल्या गोलमेज परिषदेतील त्यांच्या मागण्यांत आहे. तिथे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तीत बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी मागणी आहे. ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर त्यांनी कलमांचा मसुदाही दिला. किराणा नाकारणे, मजुरी नाकारणे, घर भाड्याने न देणे, नेहमीचे संबंध तोडणे, हे सारे त्यात आहेच. परंतु बहिष्कार घडून येईल अशा हेतूने, किंवा तसा तो घडेल हे कळत असूनही, एखादे विधान किंवा अफवा पसरवणाऱ्यालाही त्या मसुद्यात शिक्षा आहे. बहिष्कार टाकणारा गुन्हेगार आणि त्याची वार्ता पुढे ढकलणारा निव्वळ निरोप्या, असा भेद बाबासाहेबांनी केला नाही. आम्ही हे कलम त्या आषाढानंतर प्रथम वाचले. शाळेच्या ग्रंथालयात ते खंड काचेच्या कपाटात आहेत. काच मात्र आम्ही विद्यार्थी असताना जयंतीलाच उघडली जात असे.

पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ साली तो संमत झाला आणि पुढल्या वर्षी लागू झाला. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मिळवला. त्या वेळी आम्ही आनंद व्यक्त केला. जातपंचायत फक्त झाडाखालीच भरते अशी आमची समजूत होती.

इथे आमच्या काही तरुण बांधवांचा राग आम्हांला आताच ऐकू येतो आहे. आपल्या लोकांना गप्प बसायला सांगण्याची ही नवी तऱ्हा आहे काय, असे ते विचारतील. प्रश्न योग्य आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी कित्येक आठवडे तिची पुरेशी दखल घेतली नव्हती. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन, हस्तपत्रके, मोबाइलवरचे संदेश आणि रस्त्यावर उतरलेला समाज यांनी ती घ्यायला लावली. तो आक्रोश झाला नसता तर ती कागदपत्रांतली आणखी एक ‘गावातील भांडणे’ ठरली असती. शिर्डीला मे २०१५ मध्ये मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून आपल्या एका तरुण विद्यार्थ्याचा जीव घेण्यात आला. त्याच्यासाठी बोलले ते प्रथम आपलेच लोक. स्त्रियांचेही असेच आहे. कामाच्या ठिकाणी सोसलेल्या छळाविषयी २०१८ मध्ये अनेक जणी जाहीरपणे बोलू लागल्या, त्यांत पत्रकार प्रिया रमाणी होत्या. एका केंद्रीय मंत्र्याला पद सोडावे लागले, त्यांनी बदनामीचा खटला भरला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवताना स्त्रीला आपली तक्रार कोणत्याही व्यासपीठावर, कित्येक वर्षांनंतरही, मांडण्याचा अधिकार असल्याचे नमूद केले. ज्याच्यासाठी पोलीस ठाण्याचे दार उघडत नाही त्याने चावडीवर ओरडावे, यात आम्हांला काहीही गैर दिसत नाही. आमची तक्रार ओरडण्याविषयी नाही.

तरीही आपल्या ओरडण्याचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे. त्यासाठी २०१२ सालचे व्यंगचित्राचे प्रकरण आम्ही निवडतो, कारण त्या वेळी आम्ही स्वतः मोर्चात होतो. शंकर यांनी १९४९ मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीत काढलेले ते चित्र : संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते २००६ पासून होते. सहा वर्षे त्यावर वादळ उठले नाही. ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेण्याचे जाहीर केले, आणि पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, आणि ती करणारे जयभीमचाच घोष करीत होते.

आपल्या मुलाची व्यथा आम्ही नाकारत नाही. भरल्या वर्गात ते पान उघडले जाते, मागच्या बाकावर कोणी हसते, आणि बाबासाहेबांना मारायला नेहरूंनी चाबूक उगारला आहे असेच त्या मुलाला दिसते. चित्राचा अर्थ तो नाही, गोगलगायीला हाकणारे दोघेही आहेत, हे समजावून सांगणारा शिक्षक त्याला मिळेलच असे नाही. ही तक्रार खरी होती आणि आजही खरी आहे. परंतु त्यावरचा उपाय विद्यापीठातील खोली फोडणे हा कसा झाला? ज्यांची खोली फोडली ते जातीच्या राजकारणाचा आयुष्यभर अभ्यास केलेले प्राध्यापक होते, आपले वैरी नव्हते. त्यांच्याशी बोलता आले असते. पुढे प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने पुस्तकांतील अनेक व्यंगचित्रांवर आक्षेप घेतला, समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले. तो वाद वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना दलितांच्या सन्मानाची चाड असलेली माणसे आहेत. मोडतोडीने त्या वादात एका शब्दाचीही भर घातली नाही.

आणि आम्हांला स्वतःला छळणारा प्रश्न पुढचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण नेमके उलट बाजूला उभे होतो. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टाने भावना दुखावल्या म्हणून तो भाग गाळण्याची मागणी झाली, प्रती जाळल्या गेल्या. आपल्या समाजाने मुंबईत प्रचंड मोर्चा काढून त्याला उत्तर दिले : लेखकाचा शब्द तसाच राहील. शेवटी परिशिष्ट राहिले, शासन त्या मतांशी सहमत असेलच असे नाही अशी टीप त्याला जोडली गेली. भावना दुखावणे हे पान फाडण्याचे कारण होऊ शकत नाही, असे आपण १९८८ मध्ये म्हणालो. २०१२ मध्ये आपण काय म्हणालो? दुबळ्याची दुखावलेली भावना आणि बलवानाची दुखावलेली भावना यांत फरक आहे, हे उत्तर आम्ही ऐकले आहे, काही अंशी आम्हांला ते पटतेही. पण त्या उत्तराने कार्यालयातल्या फुटलेल्या काचेचा खुलासा होत नाही.

या बाबतीत तथागतांची शिकवण काय आहे हे पाहिले तर आपण किती दूर आलो ते कळते. ब्रह्मजाल सुत्ताच्या प्रारंभीचा प्रसंग असा : राजगृहाहून नालंदेच्या वाटेवर सुप्रिय नावाचा परिव्राजक बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करीत मागून चालला आहे. भिक्खू ते बोलून दाखवतात. तथागत त्यांना सांगतात की निंदा ऐकून तुम्ही रागावलात तर नुकसान तुमचेच आहे, कारण रागावलेल्या मनाला समोरचा खरे बोलतो की खोटे हेच कळणार नाही. जे खोटे असेल ते खोटे म्हणून दाखवून द्या. स्तुतीलाही भुलू नका. गोणपाटातली मूर्ती पाहून आमची जी अवस्था झाली तिचे इतके अचूक वर्णन आम्हांला दुसरीकडे सापडलेले नाही. रागावलो, आणि म्हणून छायाचित्रात काय आहे तेच दिसेनासे झाले. फरशी ओली का होती, एवढे एक जरी कोणी विचारले असते!

याचा अर्थ संघात कोणाला शासन होत नव्हते असा नाही. विनयपिटक वाचले तर उलट दिसते. तिथे वाळीत टाकण्यासारख्या शिक्षाही आहेत. त्या कशा दिल्या जात हे मात्र पाहण्यासारखे आहे. दब्ब मल्लपुत्र हे संघातील शयनासनांची आणि भोजनाची वाटणी करणारे भिक्खू. आजच्या भाषेत वसतिगृहाचे अधीक्षकच म्हणा ना. रात्री-अपरात्री आलेल्यालाही ते जागा दाखवून देत. अशा कामात कोणी ना कोणी नाराज व्हायचेच. आपल्या वाट्याला निकृष्ट भोजन येते असा सल धरून बसलेल्या काही भिक्खूंनी वड्ढ नावाच्या लिच्छवी उपासकाला चिथावले आणि त्याने दब्बांवर आपल्या पत्नीशी गैरवर्तन केल्याचा आरोप केला. आरोप आजही ज्याने माणूस तत्काळ संपतो असाच होता. तथागतांनी संघ एकत्र बोलावला आणि दब्बांना सर्वांसमक्ष विचारले : असे काही केल्याचे तुला स्मरते काय? आरोप खोटा ठरला. मग संघाने वड्ढासमोर आपले भिक्षापात्र उपडे केले, म्हणजे त्याच्याकडून भिक्षा घेणे थांबवले. हाही बहिष्कारच. पण तो आंधळेपणाने झाला नाही, आणि ठरल्यावर आनंद स्वतः वड्ढाच्या घरी गेले व निर्णय त्याच्या तोंडावर सांगितला. ऐकून तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने येऊन अपराध कबूल केला, आणि संघाने पात्र पुन्हा सरळ केले.

छन्नाला झालेला ब्रह्मदंडही असाच. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी ठरवून दिले की छन्न काहीही बोलो, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. याहून कडक ‘कॅन्सल’ ते कोणते? तोही आनंदांनीच कोसंबीला जाऊन छन्नाला समक्ष कळवला. छन्न कोलमडला, पण पुढे साधनेला लागून अर्हत झाला, आणि ज्या क्षणी तो अर्हत झाला त्याच क्षणी तुझा दंड संपला असे आनंदांनी त्याला सांगितले. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो समोर असला पाहिजे, याला विनयात ‘संमुखविनय’ असे नाव आहे. आरोप करणाऱ्यालाही विचारले जाई की तू हे पाहिलेस, ऐकलेस, की तुला नुसता संशय आहे. आमच्या गटावर त्या रात्री दोनशे चौदा सदस्य होते. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तोही सदस्यच होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

पडद्यावरच्या बहिष्काराचा सर्वांत मोठा दोष आम्हांला हाच वाटतो. कठोरपणा हा त्याचा दोष नव्हे. कठोर शासन कधी कधी लागतेच. त्याला उपडे पात्र सरळ करण्याची रीतच ठाऊक नाही. कोणी तो जाहीर करीत नाही, म्हणून कोणी तो मागेही घेऊ शकत नाही. संदेश पुढे पाठवणाऱ्या दोनशे जणांपैकी आपण निर्णय दिला असे एकालाही वाटत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणाऱ्यांच्या चित्रफिती फोनोफोनी फिरत होत्या. त्या पुढे पाठवणाऱ्यांतील बहुतेकांनी आपल्या लेकरांच्या काळजीनेच पाठवल्या असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. आमच्यातल्या ज्याने छायाचित्र सहा गटांत पाठवले, त्याला दोनदा पाठवावे लागले होते.

वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू एकमेकांसमोर बसून पवारणा करतात. माझ्याकडून काही चूक झाल्याचे आपण पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा आपल्याला संशय असेल, तर करुणेने सांगावे, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. सुरुवात ज्येष्ठ भिक्खूपासून होते. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही पाच जण सरांच्या गावी गेलो. आधी पत्र पाठवले होते. फोन करण्याचे धैर्य झाले नाही, आणि क्रमांकही त्यांनी बदललेला होता.

घर साधेच. ओसरीत बाबासाहेबांचे आणि भगवान बुद्धांचे छायाचित्र, शेजारी शाळेच्या रौप्यमहोत्सवातला गटाचा फोटो, त्यात आम्हीही होतो. आम्ही जे सांगायला गेलो होतो ते आमच्यातल्या ज्येष्ठाने सांगितले. कोणी काय केले तेही ज्याचे त्याने सांगितले. सरांनी मध्ये कोठे अडवले नाही. त्यांच्या पत्नी आत होत्या. आम्ही आत असेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार होता. चहा झाल्यावर या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्याव्यात अशी विनंती आम्ही केली. हसून ते म्हणाले, “बघू.” लेख आलेला नाही. अनुक्रमणिकेत त्यांच्यासाठी राखलेली दोन पाने आम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत तशीच ठेवली होती.

त्यांनी विचारले ते छताविषयी. छत आता गळत नाही, त्या घटनेनंतर दोन महिन्यांत पैसे जमले, असे आम्ही सांगितले, आणि सांगताना मान वर करवली नाही. मग त्यांनी मूर्ती उचलायला आलेल्या दोन मुलांची चौकशी केली. त्यांतल्या एकाचा पाय त्या दिवशी पायरीवर घसरून मुरगळला होता आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आपल्यालाही नेतील या भीतीने तो रडत होता, हे आम्हांला तिथे प्रथम कळले. तो आता काय करतो, असे सरांनी विचारले. आम्हांला सांगता आले नाही. परत आल्यावर जुने हजेरीपट काढले. मुलगा त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत घरी गेला तो परत आलाच नव्हता. गावातल्या शिक्षकांमार्फत शोध लागला. दहावी बाहेरून दिली आहे, सध्या आयटीआयला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करतो आहे. त्याचा पत्ता आम्ही सरांना पोस्टकार्डाने कळवला.